गॅरेजमधला स्ट्यू

त्या मंगळवारी सकाळी वैजू मला म्हणाली, “अहो, आज फार गारठा आहे. करू का तुमचं ते गॅरेजमधलं? किती वर्षांत केलं नाही.” मी आयपॅडवर बातम्या वाचत होतो. मान वर न करताच म्हणालो, “नको गं, कशाला आता.” ती “बरं” म्हणाली, कोट घातला आणि इथल्या लायब्ररीत मुलांची पुस्तकं लावायला गेली. दर मंगळवारी जायची, हौस म्हणून. साडेअकराला लायब्ररीतून फोन आला. पलीकडची बाई इतकं हळू बोलत होती की मला वाटलं, वैजू पुन्हा गाडीची किल्ली आत ठेवून दार लावून बसली असेल... मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. याला आता सात आठवडे झाले. शेवटचं काय बोलणं झालं, असं भेटायला येणारे विचारतात. मी सांगतो, थंडीबद्दल बोललो.

‘ते गॅरेजमधलं’ म्हणजे बीफ स्ट्यू. हे वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, त्यांनी खुशाल पाडाव्यात. मी शिकायला या देशात आलो तेव्हा एका आयरिश वंशाच्या म्हातारीच्या घरात, वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. पहिल्याच हिवाळ्यात तापाने फणफणलो. बाईंनी एक वाडगा वर आणून दिला: बटाटे, गाजर, कांदा, मांसाचे मऊ तुकडे आणि दाट काळसर रस्सा. मी न विचारता खाल्लं. दुसऱ्या दिवशी विचारलं, आणि कळल्यावरही पुन्हा मागून घेतलं. जन्मात इतकं ऊबदार मी काही खाल्लं नव्हतं, आणि त्याबद्दल खोटी शरम मला कधी वाटली नाही.

लग्न ठरताना साताऱ्याला वैजूच्या घरी गेलो, तेव्हा तिला एकटीला गाठून हे सांगून टाकलं. ती पक्की शाकाहारी. सगळं ऐकून म्हणाली, “स्वयंपाकघरात नको. पण तुम्हाला आवडतं ते बाहेर दुसऱ्या कुणाच्या हातचं खावं लागेल, असंही नको.” मला वाटलं, बोलायची गोष्ट झाली. पण मुलगी आठ वर्षांची असताना आम्ही इथे वेस्ट विंडसरला घर घेतलं आणि पहिल्याच थंडीत वैजूने गॅरेजमध्ये घडीचं टेबल मांडलं, त्यावर एक स्लो कुकर आणि एक विजेची शेगडी. सुरी वेगळी, चिरायची फळी वेगळी, आणि गॅरेजमध्ये घालायला माझाच एक जुना कोट. शनिवारी सकाळी मी वाणसामानाला आणि इतर कामांना बाहेर पडलो की ती कामाला लागायची. मांसाला पीठ चोळून ते शेगडीवर लालसर परतायची, भाज्या, तमालपत्र आणि काळ्या बिअरची अर्धी बाटली घालून झाकण लावायची, आणि आठ तास कुकर मंद आचेवर. संध्याकाळपर्यंत गाडीच्या काचांवर वाफ धरलेली असायची. मग ती आंघोळ करून स्वयंपाकघरात जायची आणि स्वतःसाठी वरणभात लावायची.

तिने तो कधीच चाखला नाही. आणि तरी मीठ असं नेमकं पडायचं की मी थक्क व्हायचो. माझा स्वभाव बढाया मारण्याचा, त्यात हे आयतंच मिळालं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगायचो, “आमच्या हिला नुसत्या वासावरून मीठ कळतं. जिभेला लावून बघत नाही!” वैजू हात पुसत दाराशी उभी असायची. ती कधी हसायची नाही या कौतुकावर, आणि मला वाटायचं, लाजते आहे.

आमची एकुलती एक मुलगी रेवा कॉलेजला गेली त्या हिवाळ्यात स्ट्यू अळणी झाला. पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदाही तसाच. वैजूने दाराशी उभं राहून विचारलं, “मीठ ठीक आहे ना?” मी म्हणालो, “एकदम बरोबर.” इतकी वर्षं जिचे गोडवे गायले तिला आता कोणत्या तोंडाने सांगणार? मी लिंबाचं लोणचं घेऊन बसायला लागलो. आयरिश स्ट्यू आणि लिंबाचं लोणचं... खाल्लं मी तेही. दर वेळी ती विचारायची, दर वेळी मी बरोबर म्हणायचो, आणि पुढच्या शनिवारी तितकंच मीठ पडायचं.

पण मनात किडा वळवळायला लागला. मला वाटलं, मुलगी गेली आणि हिचं माझ्यावरून मन उडालं. आता नुसतं कर्तव्य म्हणून रांधते आहे. रिकाम्या घरात आम्ही दोघंच समोरासमोर बसायचो, आणि मी तिच्या प्रत्येक ‘बरं’मध्ये तेच शोधायचो. हे मी कुणापाशीच बोललो नाही. तीन हिवाळे असे काढले आणि शेवटी एक थाप मारली. “डॉक्टर रेड मीट नको म्हणतात,” म्हणालो. ती म्हणाली, “बरं.” स्लो कुकर गॅरेजमधल्या फळीवर गेला.

आता रेवा सिअ‍ॅटलहून आली होती, तिच्या आईचे कपडे आवरायला. परवा शनिवारी ती म्हणाली, “बाबा, यू आर नॉट ईटिंग. मी स्ट्यू करते, आईचा.” ही मुलगी स्वतः व्हीगन, दहीसुद्धा खात नाही. पण गॅरेजमध्ये जाऊन तिने ते टेबल उघडलं, आणि कुठे काय ठेवायचं हे तिला न विचारता ठाऊक होतं. संध्याकाळी झाकण काढून ती थबकली.

“मिठाचं काय करू?” म्हणाली.

“तुझ्या आईला वासावरून कळायचं,” मी सवयीने म्हणालो.

तिने हातातलं झाकण खाली ठेवलं. “बाबा, सीरियसली? यू डोन्ट नो? मी टेस्ट करायचे. एव्हरी सिंगल टाइम. मी आठ वर्षांची होते तेव्हापासून. मग आई मला इथेच चूळ भरायला लावायची आणि मग आत घ्यायची.”

“मला का नाही सांगितलंत?”

“आई म्हणायची, बाबांना सांगू नकोस, ते सगळ्यांना इतकं प्राउडली सांगतात. मी कॉलेजला गेल्यावर ती फोन करायची, रेवा, किती चमचे टाकू? आय सेड, आई, आय डोन्ट नो, बाबांना विचार. ती म्हणाली, विचारते ना, ते बरोबर आहे म्हणतात.”

मी गाडीला टेकून उभा राहिलो. तीन हिवाळे मी ज्याला मन उडणं समजलो, ते एका मुलीचं घर सोडून जाणं होतं, बाकी काही नव्हतं. वैजू तर खरंच विचारत होती. तिच्यापाशी दुसरा इलाजच नव्हता. माझ्या तोंडून खरं निघण्याची ती वाट बघत होती, आणि मी... मला माझीच इतकी चीड कधी आली नव्हती.

रेवाने चमचा भरून माझ्यापुढे धरला. “मी नाही टेस्ट करू शकत. तूच सांग.”

मी फुंकर मारून घेतला. ‘एकदम बरोबर’ हे शब्द जिभेवर आलेच होते.

“मीठ कमी आहे,” मी म्हणालो.

“किती?”

“अर्धा चमचा घाल.”

तिने अर्धा चमचा घातला, ढवळलं आणि झाकण लावलं. तिला काही वाईट वाटलं नाही. वाईट वाटण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

काल रेवा परत गेली. मला फार एकटं वाटतं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. दुपारी उरलेला स्ट्यू गरम करून खायला बसलो. चांगला झाला होता, मीठही नीट होतं. आणि खाताना, विचारणारं कुणी नसताना, मी दोनतीनदा दाराकडे बघितलं.