हरणाबाईची लाडीगोडी

सास्तुरात कुणाची म्हैस पान्हा चोरायला लागली की हरणाबाईला बोलावणं जातं. रेडकू दगावलेली म्हैस धारेला उभीच राहत नाही, लाथा झाडते. मग लोक काठी घेतात, नाहीतर इंजेक्शन आणतात. मला दोन्हींची चीड येते. हरणाबाई नुसती लाडीगोडी लावते. म्हशीपुढं भिजवलेली पेंड ठेवते, मान खाजवते आणि कानाशी लागून म्हणते, "माझी राणी गं, तुझ्यासारखी गुणाची साऱ्या शिवारात न्हाय." प्रत्येक म्हशीला ती हेच सांगते. थोड्या वेळानं पान्हा सुटतो आणि ती चरवी घेऊन खाली बसते.

मागच्या निवडणुकीत एक उमेदवार तिच्या दारात आला. निवडून गेल्यापासून पाच वर्षं तो या गल्लीत फिरकला नव्हता. त्यानं तिच्यापुढं पेढ्यांचा पुडा ठेवला, पाया पडला आणि म्हणाला, "मावशी, तुमच्यासारखी माउली साऱ्या गावात न्हाय."

हरणाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"लई ग्वाड बोलतोस बाबा," ती म्हणाली. "म्याबी असंच बोलते, धार काढायच्या आधी."