तुझं कापड, माझं आकाश

लेखक एका ओळीत चांदणं पाडतो. ते टांगायला आम्हाला अर्धा दिवस लागायचा. मी नाट्यगृहात दोऱ्या ओढायचो, म्हणजे मागचे रंगवलेले पडदे वरखाली करायचो. त्यामुळे आकाशाचं वजन मला ठाऊक आहे. रंग वाळलेलं आकाश दोघांना झेपतं. ओलं असेल तर चौघांच्या कमरा धरतात. आणि नाटक कुठलंही असो, लेखकाला आकाश लागतंच. एरवी रस्त्यानं मान वर न करणारी माणसं तिकीट काढून ते बघायला येतात.

ते आकाश रंगवायचा त्याला आम्ही साजरे म्हणायचो. हे त्याचं आडनाव नव्हतं. जवळून पडदा पाहून कुणी म्हणालं, "हा डोंगर आहे की मातीचा ढिगारा?" की तो ब्रश न थांबवता म्हणायचा, "दुरून डोंगर साजरे. जा, शेवटच्या रांगेत जाऊन बस." नाव पडलं ते पडलंच.

कामाला चोख माणूस. पडदा जमिनीवर पसरायचा, पायात मोजे घालून त्यावर चालायचा, ब्रशला लांब काठी बांधलेली. कुणी वाकून रंगवायला लागला तर म्हणायचा, "वाकलास की डोंगर तुझ्याएवढाच होतो." एखादा थर बिघडला तर आख्खा धुऊन पुन्हा द्यायचा, कुणी सांगायची वाट बघायचा नाही. म्हणूनच पुढे तो जे वागला ते मला जास्त लागलं.

आमच्या पडद्यांची शिवण त्याच्या थोरल्या बहिणीकडे होती. सगळे तिला ताईच म्हणायचे. कापडाचे पन्हे ती असे जोडायची की मागून दिवा लावला तरी शिवण दिसू नये. साजरेला तिनंच शिलाई मशीनवर वाढवलं होतं. लहानपणी गच्चीवर निजताना तिनं त्याला चांदण्या ओळखायला शिकवल्या होत्या. चार चांदण्यांची म्हातारीची खाट आणि ती पळवून नेणारे तीन चोर. पुस्तकात त्यांना सप्तर्षी म्हणतात. ताई म्हणायची, "ऋषी आपल्या ओळखीतले नाहीत. चोर आहेत."

एका नाटकात नेमकी तीच खाट आली. शेवटच्या अंकात आंधळा बाप अंगणात बसतो आणि बोट करून म्हणतो, "ती बघ खाट. आणि तिच्या डाव्या अंगाला तीन चोर. आहेत ना?" मुलगी म्हणते, "आहेत, बाबा. तिथंच आहेत." मग बाप मान टाकतो.

दिग्दर्शकाला चांदण्या चमकायला हव्या होत्या. म्हणजे पडद्याला भोकं आणि मागून दिवे. साजरेनं ताईच्या घरी जाऊन सांगितलं तेव्हा ती खुलली.

"आपली खाट नाटकात? मग पहिल्या प्रयोगाला मी समोर बसणार. आजवर तुमचे पडदे मी पाठीकडूनच पाहिलेत."

पडद्याच्या पुढच्या अंगाला वर काळं आकाश आणि खाली डोंगर रंगवून झाले. काळ्यावर खडूचे डाग राहून प्रेक्षकांना दिसले असते, म्हणून भोकांच्या खुणा मागच्या कोऱ्या अंगाला करायच्या ठरल्या. पडदा पालथा पसरला. कोपऱ्यांवर वजनं ठेवून तो ताणायचं काम माझं. साजरे एका हातात चित्राचा कागद आणि दुसऱ्या हातात काठीला बांधलेला निळा खडू घेऊन खुणा करत चालला होता. ताई कडेला शेगडीवर दाभण तापवत बसली होती.

"अरे, कापड पालथं आहे," ती म्हणाली. "कागदही पालथा धर. बाही बेततानाही हेच होतं, दोन्ही डाव्याच निघतात."

"ताई, बाही वेगळी, आकाश वेगळं."

"वेगळं आहेच. बाही उसवता येते."

"तुझं कापड, माझं आकाश. तू भोकं पाड."

तिनं पाडली. गुडघ्यांवर सरकत, दाभण गार झालं की पुन्हा तापवत, खडूच्या खुणेवर अगदी मधोमध. तापल्या दाभणानं कडा जळून पक्क्या होतात, धागा सुटत नाही. आणि म्हणूनच असं भोक पुन्हा बुजतही नाही. संध्याकाळी तिच्या बोटांवर फोड होते. ती म्हणाली, "चोर फार चावले."

तालमी पडद्याशिवाय झाल्या होत्या. पहिल्या प्रयोगाला साजरेनं ताईला शेवटच्या रांगेत बसवलं, दुरून साजरं दिसावं म्हणून. शेवटचा अंक आला. बापानं डावीकडे बोट केलं. चोर उजवीकडे लुकलुकत होते. मुलगी म्हणाली, "आहेत, बाबा. तिथंच आहेत." प्रेक्षागृहात एक जण हसला, मग सगळे. बापानं मान टाकली ती हशातच.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक मागे आला. मी वर दोऱ्यांच्या माळ्यावर होतो. तिथं खालचं सगळं ऐकू येतं.

"हे कुणी केलं?"

साजरे म्हणाला, "भोकं ताईनं पाडली."

शब्द न शब्द खरा होता. ताई तेव्हाच समोरून आत आली होती, विंगेच्या दारात उभी होती. तिनं भावाकडे पाहिलं, शेगडीपाशी गेली आणि म्हणाली, "दाभण माझं आहे. ते नेते." त्या दिवसापासून पडद्यांची शिवण दुसरीकडे गेली.

मी खाली उतरून साजरेला विचारलं, "आणि खुणा कुणाच्या होत्या?"

"सांगतो उद्या."

दुसऱ्या दिवशी प्रयोग होताच. पडदा उलटा टांगता येईना, कारण डोंगर पुढच्याच अंगाला. नवा करायला वेळ नव्हता. मुलीचं काम करणारी नटी हुशार निघाली. बापानं बोट केल्यावर तिनं आकाशाकडे पाहिलं, मग त्याच्या बोटाकडे. जरा थांबली. मग त्याच्या पायाशी बसून हळूच म्हणाली, "आहेत, बाबा. तिथंच आहेत."

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

नाटक धो धो चाललं. पेपरात छापून आलं की आंधळ्याला आकाशानंही पाठ दाखवली, ही कल्पना केवढी मोठी. मग एक समारंभ झाला आणि दिग्दर्शकानं "आमच्या साजरेंची नजर" म्हणून त्याला रंगमंचावर बोलावून बक्षिसाचा पेला दिला. त्यानं तो तापलेलं पातेलं धरावं तसा धरला होता. माईक समोर होता. तो "आभारी आहे" म्हणाला आणि उतरला.

पेला त्यानं ताईच्या घरी नेऊन तिच्यापुढे ठेवला. मी सोबत होतो. तिनं तो आतून बोटानं पुसला.

"खडू ठेवायला बरा आहे," ती म्हणाली आणि मशीनवर ठेवला. मग विचारलं, "जेवून जाताय ना दोघं?"

तिनं बोलणं टाकलं नाही, वाढणं टाकलं नाही. टाकलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. तो मात्र बदलला. डोंगर साजरे म्हणणं सुटलं. प्रयोगभर विंगेत आकाशाकडे पाठ करून उभा राहायचा. रंगवताना वाकायला लागला, ब्रशची काठी कोपऱ्यात पडून. मी विचारलं की म्हणायचा, "चालू नाटकात कसं सांगू? बंद होऊ दे." ताई तोवर लोकांच्या उशांचे अभ्रे शिवत होती.

नाटक बंद झालं. पडदा उतरवला तेव्हा तो दिग्दर्शकाकडे गेला आणि म्हणाला, "खुणा माझ्या होत्या. ताईनं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

दिग्दर्शक पुढच्या नाटकाचा कागद वाचत होता. "अहो, आता काय त्याचं," तो म्हणाला. "चिंध्यांना नेता का तो पडदा? जागा अडते."

आम्ही तो हातगाडीवर घालून ताईकडे टाकला. पुढच्या आठवड्यात दुपारी मी साजरेबरोबर तिच्याकडे गेलो. दारातच पायपुसणं होतं, निळसर. ते त्याचे डोंगर होते, चौकोनी कापलेले, कडा दुमडून शिवलेले. आत खोली अंधारी. खिडकीला ताईनं पडद्याचा वरचा तुकडा लावला होता, कोरं अंग आत, रंगाचं बाहेर. बाहेर लख्ख ऊन. भोकाभोकांतून ते आत येत होतं. खाट होती. तीन चोर डाव्या अंगाला होते.

साजरेनं बोटानं चोर मोजले.

"ताई, मी सांगितलं त्यांना. खुणा माझ्या होत्या ते."

"कधी?"

"पडदा उतरवला तेव्हा."

"म्हणजे ऐकायला कुणी उरलं नाही तेव्हा." ती मशीनवरून उठली नाही. "बरं केलंस. हातोडी तिथं आहे. वरचा कोपरा लोंबतोय, माझा हात पुरत नाही. एक खिळा ठोक."

तो स्टुलावर चढला. खिळा त्यानं नीट धरला, एका दमात ठोकला. कोपरा ताठ बसला. खाली उतरून तो लांब भिंतीपाशी जाऊन उभा राहिला, सवयीनं.

"तिकडून काय बघतोस?" ताई म्हणाली. "जवळ ये."

तो आला नाही. ताईनं थोडी वाट पाहिली, मग पेल्यातून खडू घेतला आणि मांडीवरच्या कापडाला खूण केली.