गडबच्या माई आणि माझं एक वाक्य

कितीही मोठे साहेब दारात आले तरी गडबच्या माई हातातलं लाटणं खाली ठेवत नसत. "बसा. येवढा पापड व्हतो, मंग बोलू," म्हणायच्या, आणि साहेब मुकाट्याने खाटेवर बसायचे. मी शेजारी फाइल मांडीवर घेऊन ओशाळून बसायची. साहेबांना राग येईल, अहवालात काहीबाही लिहितील, अशी मला धास्ती असे. पण माईंचं वाटोळं साहेबांनी नाही, मी केलं.

तेव्हा मी रोह्याहून रोज पेणला एका संस्थेत कामाला जात असे. ज्या मुलांना घर उरलेलं नाही त्यांच्यासाठी पालक कुटुंब शोधायचं, दर महिन्याला भेट द्यायची आणि अहवाल लिहायचा, हे माझं काम. दत्तक घेतलं की मूल कायमचं तुमचं होतं. इथे तसं नव्हतं. मूल वाढवायचं घरच्यांनी आणि त्याचं काय करायचं ते ठरवणार सरकारची बालकल्याण समिती. हे मी माईंना पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे उष्टी-खरकटी मी काढायची नि निवाडा त्यांनी करायचा. बरं हाय." आणि तरी सही केली. नवरा धाटावच्या कंपनीत होता, तो वारला. मूलबाळ नव्हतं. पेणजवळ गडब गावात हायवेला लागून दोन खोल्या, मागे भाताचं शेत, आणि पोह्याचे पापड. ते पेणच्या दुकानांत जात.

दीपा त्यांच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती. बोलायची नाही, जेवायची नाही, कोपऱ्यात बसून राहायची. मी खाली बसून तिला चुचकारायला लागले तर माई माझ्यावरच खेकसल्या, "मनधरनी नको करू गो. पोर सोताला पावनी समजंल." त्यांनी पापडाच्या पिठाच्या दोन लाट्या तेलात बुडवून ताटलीत ठेवल्या, ताटली तिच्याजवळ सरकवली आणि पाठ करून आपल्या कामाला लागल्या. तिसऱ्या दिवशी ताटली रिकामी झाली. महिन्याभरात दीपा छोटा पोळपाट घेऊन माईंच्या शेजारी बसायला लागली. तिचे पापड धरमतरच्या खाडीसारखे वाकडेतिकडे व्हायचे. माई ते मोडून पुन्हा लाटत नसत. वेगळ्या फडक्यावर वाळत घालायच्या आणि दुकानदार आला की बजावायच्या, "त्याला हात लावू नका. ते दीपाचे हायत, इकायचे नाय." संध्याकाळी दोघी ते भाजून खायच्या.

दीपासाठी त्या कुणाशीही भांडत. शाळेत हजेरी घेताना गुरुजींनी तिच्या नावापुढे 'अनाथ' असं मोठ्याने वाचलं, तर दुसऱ्या दिवशी माई पिठाच्या हातांनीच वर्गात जाऊन उभ्या. "नाव दीपा हाय. हाजरीला तेवढं पुरं." गुरुजी कुणालाही सांगतील, पुन्हा कधी वाचलं नाही म्हणून.

तीन वर्षं अशी गेली. दीपा बडबडी झाली, गालांवर मांस चढलं. मला इतका आनंद होता की एका महिन्याच्या अहवालात मी कौतुकाने लिहून गेले: "बालिका पालक मातेस पापड लाटण्यास आनंदाने मदत करते." आमच्याकडे मुलीचं याहून मोठं कौतुक नाही. आईच्या हाताशी बसते म्हणजे पोर रुळली, घरची झाली. ते पापड विकत नाहीत, दोघी भाजून खातात, हे लिहायचं मला सुचलंच नाही. रकाना छोटा होता, आणि मला रोह्याची गाडी पकडायची होती.

समितीवर नवे सदस्य आले होते. त्यांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली: बालमजुरी.

सुनावणीच्या दिवशी मी माईंना वाटेत दहा वेळा पढवलं. "विचारलं तर नाही म्हणा. काही काम करत नाही म्हणा." आत एका सदस्याने विचारलं, मुलगी पापड लाटते का? दीपा बाकावर बसून ऐकत होती. माईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हय, लाटते की. माज्या मांडीला मांडी लावून लाटते. नाय लाटली तर माजी पोर कशी?" सदस्याने त्यातला 'व्हय' तेवढा लिहून घेतला. मी उठून सगळं सांगायला लागले तर म्हणाले, "मॅडम, तुमचंच लेखी आहे."

बालगृहात हलवण्याचा आदेश त्याच दिवशी निघाला. व्हरांड्यात दीपाने मला विचारलं, "ताई, मी पापड लाटले म्हणून नेतायत?" मी फाइलची पानं चाळायला लागले. माई मात्र सगळी कचेरी गोळा होईल अशा ओरडल्या, "नाय गो माजे बाय! तुजं कायबी चुकलं नाय! हेंची डोकी फिरलीत!" त्याचीही नोंद झाली. पालक मातेचे वर्तन आक्रमक. मुलीला ओढून नेणाऱ्यांच्या वर्तनाला काय म्हणायचं, त्याचा रकाना नव्हता.

मी खुलाशाची पत्रं लिहिली. 'नोंद घेतली' एवढं एकच उत्तर आलं. चार महिन्यांनी परवानगी मिळवून बालगृहात गेले, तर दीपा स्वयंपाकघरात होती. तिची पोळ्यांची पाळी होती. चाळीस मुलांच्या पोळ्या, तीन मुली लाटणाऱ्या. भिंतीवरच्या वेळापत्रकात त्याला जीवनकौशल्य प्रशिक्षण म्हटलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आग आजही विझलेली नाही आणि विझावी असं मला वाटतही नाही. दीपाने मान वर केली नाही. ती पुन्हा बोलेनाशी झाली होती.

वर्षभराने कचेरीला पालक कुटुंबं कमी पडायला लागली. चार वर्षांची एक मुलगी होती. गडबच्या त्या बाई पुन्हा घेतील का विचारा, म्हणून मलाच पाठवलं. मी निर्लज्जासारखी गेले.

माईंनी ऐकून घेतलं. "किती दिवस ठेवणार माज्याकडं?"

"ते समिती ठरवेल."

"रोह्याला तुजं घर केवढं गो?"

"तीन खोल्या."

"नवरा हाय?"

"आहे."

"पोरीला येगळी खोली व्हईल?"

"होईल." मी दर वेळी विचारते तेच प्रश्न त्या मला विचारत होत्या, त्याच क्रमाने.

"मंग तुज्याकडं ने."

मी म्हटलं, माई, नोकरी आहे, घरच्यांना विचारावं लागेल, मला नाही जमणार. त्या चिडल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या आणि पुढची लाटी घेतली.

गेल्या पावसाळ्यात माई गेल्या. दीपाला कळवायची परवानगी मी लेखी मागितली आहे, उत्तर आलेलं नाही. ती चार वर्षांची मुलगी आता सात वर्षांची आहे आणि बालगृहातच आहे. आमची ती खोली रिकामीच असते. आम्ही तिथे पावसात कपडे वाळत घालतो.