भिंत चाटणारा मिस्त्री

आमच्या गावचा म्हातारा मिस्त्री आधी बोट ओलं करायचा, मग ते वाळूत खुपसायचा आणि तिथून थेट जिभेवर. डोळे मिटून घ्यायचा. मंडळी, तीर्थ घेतानासुद्धा इतका भाव मी कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही! मग निकाल लागायचा. "ग्वाड हाय," नाहीतर "खारी." खारी वाळू तो कामाला लागू द्यायचा नाही. सुकलेली भिंतसुद्धा चाटून बघायचा. सगळं गाव हसायचं. सर्वांत मोठ्यानं मी.

संस्थान विलीन झालं आणि संस्थानिकांच्या बागेतला जुना बंगला नगरपालिकेच्या गळ्यात पडला. छपरात वटवाघळं, दिवाणखान्यात म्हशी. तिथं सार्वजनिक वाचनालय करायचं ठरलं, चिटणीस मी. मिस्त्रीनं माणगावाकडून बैलगाडीनं नदीची वाळू आणवली, चुन्यात कालवली आणि तीन महिन्यांत काय केलं? मागची एक लहानशी खोली!

इतक्यात उद्घाटनाला मंत्री यायचे ठरले. पंधरा दिवसांत! नगरपालिकेच्या अध्यक्षांनी सिमेंट आणलं. वाळू? समुद्र दोनशे पावलांवर होता.

मिस्त्रीनं ती समुद्राची वाळू चाखली आणि थुंकला. "खारी हाय, सायेब. भिंत जल्मभर रडंल."

"अरे, आपण भिंत लिंपतोय, आमटी नाही करत!" अध्यक्ष कडाडले.

"मंग माजा हात लागायचा न्हाय."

"नको लावूस. तुझ्यावाचून अडलंय?"

तो माझ्याकडे वळला. "चिटनीस, तुमी तरी सांगा. पुस्तकं भिजतील."

मी चष्मा पुसत राहिलो. तो स्वच्छच होता. मिस्त्री थापी काखेत मारून निघून गेला.

उद्घाटन थाटात झालं. हिरवा तैलरंग, हार, भाषणं. श्रावणात दिवाणखान्याला घाम फुटला. रंगाला फोड आले, पुस्तकांना बुरशी आली, आणि एका सकाळी मंत्र्यांच्या नावाची संगमरवरी पाटी सुटून थेट अध्यक्षांच्या खुर्चीवर विराजमान झाली. अख्खं वाचनालय मागच्या खोलीत कोंबलं. तिथं कागद कुरकुरीत राहायचा.

शेवटी मी मिस्त्रीला बोलवायला गेलो. सून दारात आली.

"मामंजी व्हय? शिमग्यातच गेलं की. कुनी कळवलं न्हाय तुमाला?"

परत आलो तो मागच्या खोलीत अध्यक्ष भिंतीशी वाकून उभे. जीभ बाहेर. मला पाहून दचकले, मग हळूच म्हणाले, "गोड आहे हो."

मी दार लावून घेतलं आणि समोरच्या भिंतीकडे वळलो.