लुआरकाठचा गवंडी

सदर इसमाचे नाव: सूर्यकांत मोरेश्वर टिपणीस. राष्ट्रीयत्व: भारतीय. जन्म: १९५८, पेण. निवास: अल कुसैस, दुबई. विवाहित, अपत्य एक. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर व्रण. व्यवसाय: गवंडी. सदर इसम उपरोक्त व्यवसायाखेरीज अन्य कोणताही व्यवसाय करीत नाही व करणार नाही.

सदर इसमाने तोवरच्या आयुष्यात विटेला हात लावला होता तो फक्त गणपतीत, मखराच्या पायाखाली टेकण द्यायला. त्याच्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा होता आणि तो एअरकंडिशनिंगच्या एका कंपनीत पत्र्याच्या डक्टची एस्टिमेट्स काढत असे. पण १९९१ साली त्याला आणलं तेव्हा कंपनीचे इंजिनियरचे व्हिसा संपले होते आणि गवंड्याचे तीन शिल्लक होते. सरकारी कचेऱ्यांची कामं करणारा कंपनीचा मंदूब नूरुद्दीन म्हणाला, "नाम में क्या है भाई, एसी तो सबको एक जैसा लगता है." सूर्यकांत गवंडी झाला. बायको प्रमिला ऊद मेथाच्या शाळेत शिक्षिका होती आणि तिच्या व्हिसावर शिक्षिकाच लिहिलं होतं. त्यामुळे घरात एक तरी माणूस कागदावर खरं होतं.

गवंड्याला मोटारीचा परवाना मिळत नाही, असं नूरुद्दीनने सांगितलं. नूरुद्दीनने सांगितलेलं कोणी तपासून पाहत नसे. म्हणून सूर्यकांत सायकल चालवू लागला.

ही सायकल एका फ्रेंच इंजिनियरची. १९९६ साली बदली होऊन जाताना तो ती सूर्यकांतला देऊन गेला. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी कापडी पिशव्या आणि डाव्या पिशवीत लुआर नदीच्या खोऱ्याचा नकाशा. नकाशावर एक वाट पेन्सिलीने आखलेली होती: आंब्वाझ, शनाँसो, लॉश, शिनाँ, आझे, तूर. सहा दिवस, रोज तीसपस्तीस किलोमीटर, मधल्या गावांत जुने वाडे, चर्च, द्राक्षमळे. शनाँसोच्या पुढे एका अक्रोडाच्या झाडाशी फुली मारून इंजिनियरने बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं: 'इथे दोन तास थांबावे. काही करू नये.'

सूर्यकांतला या सूचनेने सहा वर्षं पछाडलं. कारण त्याला दोन मिनिटं काही न करता बसता येत नसे. ऑफिसात त्याचा पाय टेबलाखाली इतका हलायचा की शेजारच्या टेबलावरच्या चहावर लाटा उठत. जेवताना तो पाणी आणायला तीनदा उठे आणि पाणी समोरच ठेवलेलं असे. शुक्रवारी पहाटे तो सायकल काढून शारजाच्या हद्दीपर्यंत दहा खेपा मारी. टायरवाल्याच्या दुकानाला त्याने मनातल्या मनात लॉश म्हणायला सुरुवात केली होती, आणि वाळूच्या ढिगाला शिनाँ. अक्रोडाच्या जागी बसथांबा होता. तिथे तो बसून पाहायचा. बस येत नसली तरी उठायचा.

"मला एकदा तिथे जायचंय," २००२च्या मार्चमध्ये त्याने जाहीर केलं. "त्या झाडाखाली दोन तास बसायचं. बस्स."

"जा बाई जा," प्रमिला वह्या तपासत म्हणाली. "आठवडाभर हॉलमधली फरशी झिजायची तरी थांबेल."

"डॅड, यू कांट सिट थ्रू ॲन ॲड," अस्मिता म्हणाली. ती नववीत होती आणि चुकीचं बोलली नव्हती.

तिकीट एकवीसशे दिरहम, म्हणजे अठ्ठावीस हजार रुपये, हे सगळ्यांनी एकदा मोठ्याने म्हणून घेतलं. अडचण तिकिटाची नव्हती. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होता, आणि फ्रान्सच्या व्हिसासाठी कंपनीचं ना-हरकत पत्र लागणार होतं. पत्रात हुद्दा लिहावा लागणार होता.

"गवंडीच लिहावा लागेल," नूरुद्दीन हिंदीत म्हणाला. "पासपोर्टवर शिक्का गवंड्याचा. पत्रात इंजिनियर लिहिलं तर ते विचारतील, अकरा वर्षं गवंड्याच्या व्हिसावर काय करत होतास? मग तू इथूनही जाशील आणि मीही."

"पण सहा दिवस फ्रान्समध्ये सायकल चालवायला निघालेला गवंडी कोणाला खरा वाटेल?"

नूरुद्दीनने थोडा विचार केला. "वो क़िले किसके हैं? पत्थर के. तू कौन है? मेसन. लिखो, पत्थर देखने जा रहा है. खलास."

अशा रीतीने अर्जात प्रवासाचा हेतू पुढीलप्रमाणे नोंदवला गेला: ऐतिहासिक दगडी बांधकामाचे सायकलवरून अवलोकन.

वकिलातीतली मॅडम पन्नाशीची होती. तिने अर्ज दोनदा वाचला. काचेमागे सूर्यकांतचा पाय हलत होता. सुदैवाने काच कमरेच्या वरच होती.

"तुम्ही गवंडी आहात?"

"अकरा वर्षं," सूर्यकांत म्हणाला. कागदोपत्री हे खरं होतं.

"हात दाखवाल?"

सूर्यकांतने हात काचेखालून पुढे केले. सहा वर्षं शारजाच्या रस्त्यावर हँडल धरून त्याच्या तळव्यांना जाड घट्टे पडले होते. मॅडमने ते पाहिले आणि तिचा चेहराच बदलला. "माझ्या मामांचे हात असेच आहेत," ती म्हणाली. मग तिने एका चिठ्ठीवर पत्ता लिहिला. शिनाँच्या अलीकडचं गाव. मामा ऐंशीचे, बागेची जुनी भिंत एकट्याने पुन्हा बांधतायत, गवंडी मिळत नाही. "तुमच्या वाटेवरच आहे. एक दगड लावलात तरी ते खूश होतील. मी त्यांना फोन करून ठेवते."

व्हिसा मिळाला. सूर्यकांत बाहेर आला तो घामाने भिजलेला.

"गेलो नाही तर मामा भाचीला फोन करणार, गवंडी आलाच नाही," तो नूरुद्दीनला म्हणाला. "गेलो तर मामाला कळणार, हा गवंडीच नाही. दोन्हीकडून फोन तिच्याकडेच."

"तो सीख ले ना, हबीबी. तीन हफ़्ते हैं."

कंपनीच्या लेबर कॅम्पात महादू नावाचा एक खरा गवंडी होता. साताऱ्याकडचा, तिसऱ्या पिढीचा. त्याच्या व्हिसावर टायपिस्ट लिहिलं होतं. तीन शुक्रवार त्याने सूर्यकांतला कॅम्पच्या किचनमागे दगड लावायला शिकवलं. दगड फिरवून त्याचं तोंड कसं शोधायचं, चुन्यात कसा दाबायचा, खाली लाकडी पाचर कशी द्यायची.

"पाचर कधी काढायची?" सूर्यकांत विचारी.

"चुना धरल्यावर."

"म्हणजे किती वेळाने?"

"सायेब, तुमी आधी खाली बसा बगू. चुना काय तुमच्या हाफिसात कामाला हाय व्हय, यल्ला म्हनलं की पळाया? दोन दीस. कमी न्हाई."

"तेवढा वेळ काय करायचं?"

महादूला या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. "काय न्हाई करायचं," तो म्हणाला.

हीच सूचना पेन्सिलीतही होती, हे सूर्यकांतच्या लक्षात आलं. आवडलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो आंब्वाझला सायकलवर बसला. रस्ता नदीकाठाने, सपाट, पॉप्लरच्या सावलीतून जाणारा. बायका खिडक्यांतून चादरी झटकत होत्या. त्याला सगळं ओळखीचं वाटलं, फक्त टायरवाला नव्हता. दुपारी बारा ते दोन गावं बंद. दुबईतही दुकानं एक ते चार बंद असतात, पण तिथे निदान उन्हाचं कारण असतं. इथे माणसं नुसती जेवत होती. बंद गावात सूर्यकांतने चर्चला सात प्रदक्षिणा घातल्या आणि पुढे निघाला. शनाँसोचा नदीवर बांधलेला वाडा त्याने सायकलवरून न उतरता पाहिला.

अक्रोड जागेवर होता. त्याखाली बाकही होता. सूर्यकांत बसला. गहू हलत होता. एक मांजर आलं, त्याच्याकडे पाहून गेलं. आता दीडेक तास झाला असेल, असं वाटून त्याने घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती. त्याने चाकातली हवा तपासली. ठीक होती. तरी त्याने भरली. मग तो निघाला, आणि पुढचे कित्येक किलोमीटर आपण परत जाऊन उरलेला वेळ बसावं का, याचा हिशेब करत राहिला. तोवर लॉश मागे पडलं होतं.

मामांच्या गावी तो चौथ्या दिवशी सकाळी पोचायचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारीच दारात उभा राहिला. मामांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी त्याचे तळवे पाहिले, मान डोलावली आणि त्याला भिंतीच्या कोपऱ्याशी नेलं. वरच्या थरात एका दगडाची जागा रिकामी होती. ती त्यांनी भाचीच्या फोननंतर मुद्दाम ठेवली होती.

सूर्यकांतने दगड उचलला, फिरवला, तोंड शोधलं. सगळं एका दमात. "दूसमाँ," मामा म्हणत होते, "दूसमाँ." हळू, हळू. हे त्याला न शिकता कळलं; हा शब्द त्याला आयुष्यभर निरनिराळ्या भाषांत ऐकवला गेला होता. दगड चुन्यात बसला. खाली पाचर गेली. मामांनी ओळंबा धरून पाहिला आणि त्याचा खांदा थोपटला. मग पाचरीकडे बोट दाखवून दोन बोटं वर केली, सूर्याचा प्रवास हाताने दोनदा आकाशातून फिरवून दाखवला आणि वरची खोली उघडून दिली. दोन दिवस राहा. तू लावलास, तूच पाचर काढ.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच सूर्यकांत आणि त्याचा व्हिसा यांचं म्हणणं एक झालं होतं. त्या आनंदात त्याला झोप लागली नाही. पहाटेपासून तो भिंतीशी चारदा जाऊन आला. चुना बोटाला लागला नाही. थोडासाच लागला. न्याहारीच्या वेळी मामा पाव आणायला गेले, आणि सूर्यकांतने पाचर काढली.

दगड हलला नाही.

त्याने भिंतीचा फोटो काढला, पाचर स्वच्छ पुसून उंबऱ्यावर ठेवली, पाव घेऊन आलेल्या मामांना चार वेळा मेर्सी म्हटलं आणि निघाला. उरलेली वाट त्याने दुसऱ्या दिवशी जेवणाआधी संपवली. विमानाला तीन दिवस होते. ते त्याने तूरचं स्टेशन आणि नदी यांच्यामध्ये येण्याजाण्यात काढले. अक्रोड तिथून तासादोनतासांवर होता. तो गेला नाही.

फोटो पाहून महादूने विचारलं, "किती दीस ठेवली पाचर?"

"ठेवली," सूर्यकांत म्हणाला.

नूरुद्दीनने फोटोची झेरॉक्स फाईलला लावली. पुढल्या वर्षीपासून कंपनीच्या पत्रांत मजकूर असा असे: सदर इसम कुशल गवंडी असून त्यास ऐतिहासिक दगडी बांधकामाचा युरोपातील प्रत्यक्ष अनुभव आहे.

त्याआधी, परतल्यावर लगेच जूनमध्येच, मामांचं कार्ड आलं होतं. मॅडमने खाली इंग्रजीत अर्थ लिहून पाठवलं होतं. तुम्ही निघालात त्याच दुपारी दगड पडला.