वांगी रंगाची गो-कार्ट

स्वतःचं नाव नीट ऐकायचं असेल तर ज्ञानदाला घरी यावं लागे. बाहेर ती 'ग्यानदा' होती. झाशीजवळच्या बबिना छावणीतल्या शाळेत बाई हजेरी घेताना तशीच हाक मारायच्या. पुढे झाशीला विद्यापीठात इंजिनिअरिंगला गेली, तिथे तिची 'ग्यानदा जी' झाली, आणि कार्टिंगच्या संघात शिरल्यावर नुसतं 'ग्यानी' उरलं. तिनं कधी कुणाची चूक काढली नाही. हिंदीत हे अक्षर असंच म्हणतात, एवढं तिला लहानपणीच कळलं होतं.

तिचे वडील हणमंत हे कराडकडच्या एका खेड्यातले. रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये दफादार, म्हणजे हवालदाराच्या दर्जाचे, रणगाडा चालवायचे. पतियाळा, सुरतगड करत करत कुटुंब बबिन्याला आलं. घरात हणमंत आणि त्यांची बायको कांता एकमेकांशी मराठीत बोलायचे, लेकीशीही मराठीतच. लेक उत्तर द्यायची हिंदीत. "जेवलीस का?" "हां, खा लिया." असा त्या घरचा संवाद वर्षानुवर्षं दोन रुळांवरून चालला होता आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

अडायचं ते सुट्टीत गावी गेल्यावर. ज्ञानदा आठ वर्षांची असताना एकदा चुलतभावंडांत धावत येऊन म्हणाली, "काकू पडला!" काकूला फार लागलं नव्हतं, पण ते वाक्य पुढचा महिनाभर घरात फिरत राहिलं. आल्यागेल्याला सांगून झालं. तेव्हापासून ज्ञानदानं गावी तोंड मिटलं ते मिटलंच. आजी बोलायची, ही मान हलवायची. कळायचं सगळं, म्हणी कळायच्या, शिव्याही कळायच्या. पण पोरगी परमुलखातली झाली, असं भावकीतलं कुणीतरी म्हणालं आणि ते हणमंतांना लागलं. आधी काही दिवस त्यांनी हट्ट धरला, मराठीत बोलली नाही तर उत्तर देणार नाही म्हणून. दोन्हीकडून घर गप्प झालं तेव्हा कांतानं तो हट्ट मोडला. पुढे त्यांनी विषयच सोडून दिला.

ज्ञानदा येण्याआधी विद्यापीठात कार्टिंगचा संघ कधी नव्हता. तो उभा केला श्यामसुंदरनं. हा बेतवा नदीकाठच्या एरच गावचा मुलगा, ज्ञानदाच्याच वर्गातला. बोलणं बुंदेली, मिशी मोठी आणि उत्साह त्याहून मोठा. त्यानं वर्कशॉपचा एक कोपरा मागून घेतला, पाइप कापून, जोडून बुटक्या, उघड्या कार्टचा सांगाडा केला, जुन्या मोटारसायकलचं इंजिन मागे बसवलं. ज्ञानदा आली होती ब्रेकचं काम बघायला. चालक ठरवायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी एकेक फेरी मारून पाहिली. मुलांनी वाटेत रचलेले टायर दर वळणाला उडवले. ज्ञानदाच्या फेरीत एकही टायर हलला नाही. शिवाय तिचं वजन कमी. श्यामसुंदरनं स्वतःचं नाव खोडून तिचं लिहिलं आणि वर म्हणाला की मिशीचंच वजन जास्त होतंय.

रंगाची तेवढी गंमत झाली. सगळ्यांना गडद निळा हवा होता. मानिक चौकातल्या दुकानदारानं दोन डबे मिसळून दिले, आणि वाळल्यावर कार्ट चकचकीत जांभळी निघाली. पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. दोन दिवसांनी ती सगळ्यांना आवडायलाही लागली.

शर्यत झाशीतच होती, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी. शहराबाहेर ड्रायव्हिंग शिकवण्यासाठी केलेला डांबरी पट्टा आहे, त्यावर कडेनं टायर रचून वळणावळणांचा ट्रॅक केला होता. ग्वाल्हेर, भोपाळ, कानपूर असे ठिकठिकाणचे संघ आले होते. कापडी छताखाली एकेका संघाला जागा दिलेली; तिला सगळे पिट म्हणत. झाशीच्या शेजारच्या पिटमध्ये कोल्हापूरचा संघ होता.

ज्ञानदा सकाळी सीटवर बसून पट्टे नीट करत होती. शेजारून आवाज आला, "शेंगदाणे हाईत काय कुणाकडं? सकाळधरनं पोटात काय न्हाई." ती दचकलीच. पापा फोनवर आजीशी बोलतात ती भाषा, त्याच हेलात, भर झाशीत. तिनं मान वळवून पाहिलं. एक उंच मुलगा पान्यांच्या पेटीवर बसला होता, आणि केसांची घट्ट वेणी घातलेली एक मुलगी त्याला बिस्किटाचा पुडा देत होती. ती मेघना, त्यांची कप्तान. तो भूषण, त्यांचा चालक.

मग ज्ञानदाचं कामात लक्ष लागेना. ते दोघं निवांत बोलत होते, इथं कुणाला काय कळतंय अशा समजुतीनं. इथल्या भाजीला तिखट नाही. ग्वाल्हेरवाल्यांचा सायलेन्सर म्हणजे म्हशीचं रेकणं. श्यामसुंदरच्या मिशीवर तर दोघांनी बराच वेळ घालवला. आणि झाशीच्या कार्टला त्यांनी नाव ठेवलं होतं वांगं. "वांगं निघालं तपासणीला," भूषण म्हणाला, तेव्हा ज्ञानदानं हेल्मेट घालून घेतलं, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

तपासणी झाली, मग ब्रेकची परीक्षा. वेगात यायचं आणि आखलेल्या रेघेवर ब्रेक असा दाबायचा की मागची दोन्ही चाकं जागच्या जागी थांबली पाहिजेत. पहिल्यांदा एक चाक फिरतच राहिलं. परीक्षकानं मान हलवली. दुसऱ्या वेळी ज्ञानदानं पेडलवर सगळं अंग टाकलं. गाडी मागून हिसकली, टायर किंचाळले, दोन काळ्या रेघा उमटल्या आणि पास झाल्याचा हिरवा कागद कार्टच्या नाकावर चिकटला. श्यामसुंदर परीक्षकाच्या पाया पडायच्या बेतात होता. परीक्षकानंच त्याला अडवलं.

कार्ट ढकलत परत आणली. ज्ञानदा हेल्मेट न काढता कार्टच्या मागच्या बाजूला टेकून बसली, पाय लांब करून. शेजारी भूषण मेघनाला म्हणत होता, "वांग्याची चेन बघितलीस? तिरकी पळतीया. ब्रेक मारल्यावर अॅक्सल सरकलाय त्यांचा. पाच-सहा फेऱ्यांत चेन उतरणार."

"सांगूया की मग त्यांना," मेघना म्हणाली.

"कसं सांगायचं? आपलं हिंदी ऐकून हसतील ती. आणि वाटंल, शर्यतीच्या आधी घाबरवाय आलेत."

मेघना म्हणाली की बघू, त्यांच्या लक्षात येईलच.

ज्ञानदा उठली. चेनकडे पाहिलं. भूषणनं सांगितलं नसतं तर तिला दिसलं नसतं. चेन चक्राच्या दातांवर किंचित तिरकी बसत होती. तिनं श्यामसुंदरला बोलावलं. कोण म्हणालं, असं त्यानं विचारलं. शेजारचे, ती म्हणाली. तुला सांगितलं त्यांनी? नाही, आपसात बोलत होते. श्यामसुंदरला आधी त्यात डाव दिसला, मग तो पालथा पडून पाहू लागला, आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मागचा अॅक्सल, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा दांडा, दोन्हीकडच्या बेअरिंगमध्ये घट्ट धरून ठेवायला छोटे, बिनडोक्याचे स्क्रू असतात. त्या जोरदार ब्रेकनं त्यांचे आटे गेले होते. नवे स्क्रू पेटीत नव्हते. मानिक चौकात मिळाले असते, पण तिथल्या गल्ल्यांतून जाऊन परत येईपर्यंत शर्यत सुरू झाली असती.

कोल्हापूरच्या पेटीत मात्र खणाखणांत सगळं लावून ठेवलेलं होतं. ते स्क्रूसुद्धा. इथूनच दिसत होते.

श्यामसुंदर निघालाच होता मागायला. ज्ञानदानं त्याला थांबवलं आणि स्वतः गेली. का गेली, ते तिलाही पुढे नीट सांगता आलं नाही. त्या दोघांना हिंदीचा संकोच आहे हे तिला माहीत झालं होतं, आणि संकोच म्हणजे काय हे तर तिला आठव्या वर्षापासून माहीत होतं. तिनं हेल्मेट काढलं. मनात वाक्य जुळवलं, एकदा मोडलं, पुन्हा जुळवलं.

"तुमच्याकडे ते छोटा स्क्रू आहे का? अॅक्सलवाला. आमचा खराब झाला."

भूषणच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं. "तू मराठी हाईस?"

"हो."

"सकाळपासनं हितंच बसलीयास?"

"हो. सगळी ऐकली मी," ज्ञानदा म्हणाली. "वांगं पण."

मेघनानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भूषण कानापर्यंत लाल झाला आणि पेटीकडे वळला. स्क्रू दिले, ते पक्के बसावेत म्हणून लावायचा डिंकासारखा चिकट पदार्थ दिला, आणि मग स्वतःच येऊन जमिनीवर आडवा झाला. श्यामसुंदर दुसऱ्या बाजूनं आडवा. दोघांच्या मध्ये ज्ञानदा, इकडचं तिकडे सांगत. नाव काय तुझं, भूषणनं खालूनच विचारलं. तिनं सांगितलं. "ज्ञानदा, पाना दे तेवढा," तो म्हणाला. अगदी घरच्यासारखं, ओठांवर जराही न अडखळता. बाहेरच्या कुणाच्या तोंडून ते नाव तसं येताना तिनं पहिल्यांदा ऐकलं. पाना द्यायला तिला क्षणभर उशीर झाला.

नेमके त्याच वेळी हणमंत आणि कांता आले. सकाळची ड्यूटी उरकून, बबिन्याहून स्कूटरवर, संघासाठी पुऱ्या आणि बटाट्याच्या भाजीचा मोठा डबा घेऊन. हणमंत खरं तर घाबरलेले होते. रणगाड्यात बसलं की भोवती लोखंडाची भिंत असते. ही पोरगी जमिनीपासून वीतभर उंचीवर, नुसत्या पाइपांच्या सांगाड्यात बसून पळणार होती. रात्रभर त्यांना नीट झोप लागली नव्हती. पिटच्या कठड्याशी पोचले आणि थबकले.

"नाही, तू ऐक ना," ज्ञानदा कुणाला तरी सांगत होती, "आधी ते डावीकडचा घट्ट कर. मग मी चेन फिरवते. मी बोलली ना तुला मघाशी."

कांता पुढे निघाली होती. हणमंतांनी तिचा हात धरला. "थांब जरा," ते म्हणाले. "बोलू दे तिला."

दोघं कठड्यापाशी उभे राहिले, डबा हातात धरून. ज्ञानदा चुकत होती. एका वाक्यात दोन हिंदी शब्द, तिसऱ्यात लिंगाचा घोळ. पण मघाशी भूषणचंही श्यामसुंदरला "आपका मिशी" म्हणून झालं होतं, त्यामुळे तिथं कुणाला कुणाचं हसू येत नव्हतं. आलं तर सगळ्यांना मिळून येत होतं. हणमंतांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्म्यावर धूळ नव्हती, हे कांतानं पाहिलं.

दुपारी शर्यत सुरू झाली. अर्धा तास पळायचं, ज्याच्या फेऱ्या जास्त तो पुढे. झेंडा पडला आणि पहिल्याच वळणावर ज्ञानदा गोल फिरली. कानपूरची कार्ट मध्ये घुसली, तिला टाळताना मागचं टोक निसटलं आणि ती उलट्या तोंडानं टायरांच्या ढिगात जाऊन बसली. कांतानं डोळे मिटले. हणमंत कठड्यावर चढू लागले, त्यांना स्वयंसेवकांनी खाली घेतलं. तोवर ज्ञानदानं हात वर करून आपण ठीक असल्याचं दाखवलं होतं. गाडी ढकलून सरळ करेपर्यंत सगळे पुढे निघून गेले. ती शेवटची उरली.

मग तिनं घाई केली नाही. समोर मोकळा ट्रॅक होता. एकेक वळण ती नीट घेऊ लागली. आधी ब्रेक, मग वळायचं, मग सोडायचं. भोपाळची कार्ट इंजिन तापून बाजूला उभी राहिली. ग्वाल्हेरच्या कार्टला तिनं बाहेरच्या बाजूनं गाठलं तेव्हा श्यामसुंदर फेऱ्या मोजायचा कागद फेकून नाचू लागला. चेन सरळ पळत होती. भूषण तिला दोनदा ओलांडून गेला, आणि दुसऱ्यांदा जाताना त्यानं हात हलवला. तिनंही हलवला, आणि त्या नादात पुढचं वळण जरा रुंद गेलं.

कोल्हापूर तिसरं आलं. झाशी सातवी, बारा संघांत. पहिल्याच वर्षी आणि पहिल्याच शर्यतीत शेवटपर्यंत पळालेली कार्ट म्हणून त्यांना एक छोटं मानचिन्ह मिळालं. श्यामसुंदर त्यावर इतका खूश झाला की पहिल्या आलेल्या संघानं येऊन त्यांचं अभिनंदन केलं. पुऱ्यांच्या डब्याभोवती दोन्ही संघ जमले. हणमंतांनी भूषणला गाव विचारलं, तालुका विचारला, आणि त्याच्या गावचा एक जण आपल्या रेजिमेंटमध्ये होता हे शोधून काढूनच थांबले. लेकीला ते एवढंच म्हणाले की ब्रेक छान मारतेस. "थँक यू, पापा," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं, ते गोल फिरणं, ग्वाल्हेरला गाठणं, हिंदीतच भरभर सांगत सुटली. हणमंतांची काही तक्रार नव्हती. ते ऐकत राहिले.

कोल्हापूरवाल्यांची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. झाशीत महालक्ष्मीचं देऊळ आहे असं कांताकडून कळल्यावर मेघना म्हणाली की मग दर्शन न घेता गेलो तर घरी आई आत घेणार नाही. म्हणून रविवारी सकाळी ज्ञानदा आणि श्यामसुंदर त्यांना देवळाजवळच्या लक्ष्मी ताल या तलावावर घेऊन गेले. दर्शन झाल्यावर सगळे काठावर बसले. पाण्यावर हिरवी वनस्पती दाट पसरली होती, मध्येच एखादा बगळा. श्यामसुंदरला चेनच्या पुढच्या चक्राला किती दात ठेवता हे विचारायचं होतं, भूषणला त्यांच्या चौकटीचे पाइप कुठून आणले ते. ज्ञानदा बराच वेळ इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करत राहिली, मग कंटाळली.

"आता तुमचं तुम्ही बोला," तिनं दोघांनाही, दोन्ही भाषांत सांगितलं.

ते काडीनं मातीत चक्रं काढायला लागले. ती मेघनाजवळ जाऊन बसली आणि तिला मराठीतच विचारलं की कोल्हापुरात पंचगंगा नदी केव्हा भरून वाहते, पावसाळ्यातच की नंतरही.