कळलावीचं फूल

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हा मी पुण्याहून बीबी नावाच्या गावी शाळेत मास्तर म्हणून आलो. ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणून रविवारी गावामागच्या टेकडीवर रानफुलं बघत हिंडायचो. तिथं शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीनं माझं वाकून वाकून हिंडणं दोन रविवार पाहिलं आणि तिसऱ्या रविवारी विचारलं, "मास्तर, काय हरपलं तुमचं?"

"काही नाही. फुलं बघतोय."

"काऊन?"

कशासाठी म्हणजे, आवडतात म्हणून, असं मी म्हणालो. जवळच्या शेताच्या कुंपणावर कळलावीची वेल चढली होती. पाकळ्या खाली पिवळ्या, टोकाला लाल. मी एक फूल तोडलं तशी ती म्हणाली, "घरी नका नेऊ. भांडण लागते त्यानं."

मी एकटाच राहत होतो. भांडणार कोण, असं म्हणून फूल नेलं आणि पेल्यात ठेवलं. संध्याकाळी घरमालकीणबाईंनी ते पाहिलं आणि त्या तासभर भांडल्या. मी समजूत घालायला गेलो, त्यात आणखी अर्धा तास गेला. शेवटी फूल मीच उकिरड्यावर टाकलं.

पुढच्या रविवारी म्हातारीला हे सांगितलं. ती हसली नाही. "मंग?" एवढंच म्हणाली आणि मला नाल्याकडे घेऊन गेली. काठावर केना पसरला होता, पण दुपार झाल्यानं त्याची निळी फुलं मिटत आली होती.

"याची आमी भाजी करतो," ती म्हणाली. "फूल पाहाचं असंन तर सकाळी येत जा."

तेव्हापासून मी रविवारी लवकर निघू लागलो.